उसवलं तर फुकट, वाढवलं तर विकत

मी डोंगल बोलतोय, आणि जे बोलतोय ते शंभर टक्के खरं बोलतोय. शपथ घ्यायला गळा नाही, म्हणून टोपीची घेतो. टोपी म्हणजे माझं ते निळं झाकण. तसं ते तिसऱ्याच वर्षी हरवलं, पण शपथेपुरतं आहे असं समजा. मी आयुष्यात कधी खोटं बोललो नाही. म्हणजे कारण नसताना बोललो नाही. कारण असल्यावर कोण बोलत नाही?

आता डोंगल म्हटल्यावर तुम्हाला ते इंटरनेटचं यंत्र आठवलं असेल. तो मी नव्हे, तो माझा श्रीमंत चुलतभाऊ. मी अंगठ्याएवढा, मुका, कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या खाचेत खुपसून ठेवायचा. प्रोग्राम विकत घेणाऱ्याला प्रोग्रामबरोबर मीही मिळायचो. दर दहा मिनिटांनी प्रोग्राम हाक मारायचा, "आहेस का रे?" आणि मी म्हणायचो, "आहे." म्हणजे या माणसानं पैसे भरलेत, चालू द्या. मी नसलो की प्रोग्राम हातपाय आखडून बसायचा. एका शब्दाची नोकरी. पण याहून जास्त शब्द वापरून याहून कमी काम करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

माझा जन्म एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत झाला. प्लॅस्टिकचं अंग कुठल्याशा कारखान्यातून शंभराच्या पिशवीत आलं होतं, पण अंगात जीव, म्हणजे नंबर, घातला तो तिथे. माझा नंबर सदतीस. जीव घालणारा माणूस तेव्हा तिशीचा होता. बाप नावाजलेला शिंपी, पण पोराला सुईत दोरा ओवता येईना. मग त्यानं बापाचं सगळं गणित, छाती, खांदा, मुंढा, बाही, कॉम्प्युटरला शिकवलं. मापं टाकली की प्रोग्राम कोटाचे सगळे भाग आखून रुंद कागदावर छापून द्यायचा. कागद कापडावर ठेवा, कात्री चालवा, झालं. लोक त्याला प्रोग्रामवाले म्हणू लागले.

खोक्यावर त्यानं मोठ्या हौसेनं छापलं होतं: एकदा घ्या. पुढची सगळी अपडेट्स मोफत. कायमची.

तिशीतल्या माणसाचं 'कायमचं' साधारण पाच वर्षांचं असतं. पण हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं, आणि खोक्याला तर नव्हतंच.

मी ज्या घरी पडलो तिथे पुढच्या खोलीत कापण्याचं लांब टेबल, मागच्या खोलीत चार मशीन, आणि सगळीकडे कापडाची कातरणं. मालकिणीला सगळे मास्तरीण म्हणत. नवरा मालगाडीवर गार्ड, घरी कमी आणि रुळांवर जास्त. त्यामुळे राज्य दोघींचं. कापड कापायचं मास्तरणीनं आणि शिवायचं तिच्या थोरल्या नणंदेनं. तोंडाची वाटणी मात्र झालेली नव्हती. ते दोघींचंही पूर्णवेळ चालू असायचं.

पहिल्या दिवशी प्रोग्रामनं छापलेला कोट दोघींनी मोठ्या उत्सुकतेनं शिवला. पाठ झकास. कॉलर झकास. बाही मात्र मुंढ्याला, म्हणजे कोटाच्या खांद्याच्या भोकाला, लावताना उरली. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा दीड सेंटिमीटर मोठा. खांद्यावर अशा चुण्या पडल्या, की कोटाला पंख फुटणार आहेत असं वाटावं.

"तुझ्या यंत्राला बाही येत नाही," नणंद म्हणाली.

"येत नाही कसं? शिकलेलं आहे ते. काहीतरी पद्धत असेल त्याची."

"मग त्याच्या पद्धतीनं तूच घाल अंगात."

मास्तरणीनं कागद पुन्हा पसरला, बाहीच्या गोलावरून दीड सेंटिमीटरची कोर कापून टाकली आणि दुसरा कोट शिवला. असा बसला की ज्याच्यासाठी शिवला तो आरशापुढून हलेना. मग टेबलाच्या वरच्या भिंतीवर चिठ्ठी लागली: बाही, दीड कमी. कागद आले की नणंद मांडीवर घेऊन बाहीची कोर कापायची, आणि मग ते मास्तरणीकडे जायचे. हे काम तिच्याकडे कायमचं आलं.

तुम्ही म्हणाल, प्रोग्रामवाल्याला कळवलं का नाही? का कळवायचं? दीड कमी केल्यावर बाही जी बसायची, तशी शहरात दुसऱ्या कुणाची बसत नव्हती, अशी मास्तरणीची खात्री होती. ही आपल्या हाताची खुबी झाली. खुबी कोण सांगत सुटतं? शेजारच्या गल्लीतला शिंपी गप्पा मारायला आला की नणंद त्या चिठ्ठीपुढे मोजपट्टी टांगून ठेवायची.

वर्षं सरली. अपडेट्स येत राहिली, आधी टपालानं, मग इंटरनेटवरून, आणि बोलल्याप्रमाणे फुकट. एकात लहान मुलांची मापं आली, ती फार उपयोगी पडली. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्यात हिरवं बटण निळं झालं, आणि नणंदेनं आठवडाभर घर डोक्यावर घेतलं.

"मी सांगितलं होतं का निळं करा म्हणून? माझी नजर हिरव्याला सरावली होती!"

तिसऱ्यात छापायचं बटण डावीकडून उजवीकडे गेलं. नणंद दोन दिवस रिकाम्या जागेवर बोट आपटत होती आणि प्रोग्रामवाल्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होती. फुकट मिळालेल्या वस्तूला माणूस नावं फार ठेवतो, हे मी पाठीमागच्या खाचेतून शिकलो.

आणि मग चौदाव्या वर्षी ते पत्र आलं.

"ऐका ताई," मास्तरीण चष्मा सारखा करत म्हणाली. "'येत्या महिन्यापासून अपडेट्ससाठी वार्षिक शुल्क आकारण्यात येईल. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.' आभार! मी सहकार्य केलं कधी?"

"मग देऊन टाक की."

"का देऊन टाकू? विकत घेतलाय मी. रोख. खोकं अजून माळ्यावर आहे, कायमची म्हणून छापलंय त्यावर."

"कायमचं कोण देतं गं? तुझ्या नवऱ्यानं लग्नात काय काय कायमचं कबूल केलं होतं, आठव जरा."

"तो तुमचा भाऊ आहे."

"म्हणून तर मला आधीपासून माहीत होतं."

मास्तरीण उसळली. "आपण शिवलेला कोट उसवला तर आपण काय करतो? शिवून देतो. पैसे मागतो? नाही मागत. मग यानं का मागायचे?"

"आणि तो लाकूड वखारवाला पाच वर्षांनी पोट घेऊन आला, कोट सैल करून द्या म्हणाला, तेव्हा का घेतलेस?"

"ते पोट त्याचं होतं!"

"तेच म्हणतेय मी," नणंद म्हणाली आणि मशीनचं पायडल मारायला लागली. खरं तर ती काही म्हणत नव्हती, नुसता विरोध करत होती. पण मास्तरीण बराच वेळ हातातलं पत्र घडी करत उभी राहिली. शेवटी तिनं ठरवलं, पैसे द्यायचे नाहीत. आहे तो प्रोग्राम चालतोय, अपडेट नको आणि शुल्कही नको.

हे धोरण सहा महिने उत्तम चाललं. मग कॉम्प्युटर जळाला. धूर असा निघाला की छत काळं झालं. बरं, छत नाही, पडद्याची दांडी. बरं, दांडीही नाही, पण वास मात्र आला.

दुरुस्तीवाली आली. तिनं पेटी उघडली, आत फुंकर मारली, आणि मला खाचेतून उपटून उजेडात धरलं. "अगं बाई! डोंगल? असले अजून जिवंत आहेत?"

जिवंतपणी असं कानावर पडणं फार वाईट.

"पेटी गेली," ती म्हणाली. "आतली माहिती काढून देते, ती शाबूत आहे. पण नव्या कॉम्प्युटरवर तुमचा जुना प्रोग्राम उभासुद्धा राहणार नाही. नवा घ्यावा लागेल. म्हणजे ते काय म्हणतात, वर्षाचं भरायचं."

मास्तरणीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. कारण वेळच तशी होती. अग्निशमन दलाच्या बँडचं काम नुकतंच तिच्याकडे आलं होतं. एक्केचाळीस कोट, मरून रंगाचे, आणि वीस दिवसांनी संचलन. बँडमास्तर स्वतः येऊन सांगून गेले होते, "मागच्या खेपेला तयार कोट आणले होते बाई. हात वर केला की कोट वर, आणि पोटं बाहेर! लोक वाजवणं ऐकायचं सोडून पोटं बघत होते. हे कोट जमले तर सगळ्या दलाचे गणवेश तुमच्याकडे." ते काम आलं असतं तर मागच्या खोलीतली चारही मशीन वर्षभर चालली असती. नाही आलं तर दोन विकावी लागणार होती, आणि त्यांच्यावर बसणाऱ्या दोघींना घरी पाठवावं लागणार होतं. एक्केचाळीस जणांची मापं घेऊन झाली होती. मापं आणि आखलेले कोट, सगळं त्या माहितीत होतं, आणि ती माहिती माझ्या प्रोग्रामशिवाय कुणाला वाचता येत नव्हती.

मास्तरणीनं मला चष्म्याच्या डबीत घातलं आणि तडक प्रोग्रामवाल्याकडे निघाली.

खोली तीच. खालचं सायकलचं दुकान तेच, फक्त आता पंक्चरपेक्षा बॅटऱ्यांचं काम जास्त. प्रोग्रामवाल्याच्या डोक्यावरचे केस मात्र कुठलीही पूर्वसूचना न देता निघून गेले होते.

"बसा," तो म्हणाला. बसायला काही नव्हतं. त्यानं कागदांचा ढीग उचलला, तेव्हा खाली खुर्ची सापडली.

मास्तरणीनं मला टेबलावर ठेवलं. "ओळखलंत?"

त्यानं मला उलटं करून पाहिलं. "सदतीस! अजून चालतोय?"

"तो चालतोय. तुम्ही चालू देत नाही."

"बाई, मी काही अडवलेलं नाही. हे कॉम्प्युटरवाले दर दोन वर्षांनी खालची फरशी उखडतात. तुमचा प्रोग्राम पडू नये म्हणून मी वर्षभर खालून टेकू लावत बसतो. तुम्हाला काय दिसतं? सकाळी उघडला, चालला. तो चालावा म्हणून मी तीन महिने मान मोडलेली असते."

"मग खोक्यावर कायमची का छापलंत?"

"तेव्हा मी तीस वर्षांचा होतो."

"हे उत्तर झालं?"

"नाही. पण खरं आहे. तेव्हा दर महिन्याला नवं गिऱ्हाईक यायचं, त्यांच्या पैशात जुन्यांची सोय व्हायची. आता नवा शिंपीच कुठे तयार होतोय?"

हे मास्तरणीलाही माहीत होतं. मग तिनं पदर खोचला. "माझा नियम साधा आहे. शिवण उसवली तर शिंप्यानं फुकट शिवायची. गिऱ्हाइकाचं पोट वाढलं तर गिऱ्हाइकानं पैसे द्यायचे. आता तुम्ही सांगा, हे उसवलंय की वाढलंय?"

प्रोग्रामवाल्यानं टकलावरून हात फिरवला. "नवा कॉम्प्युटर कोणी घेतला?"

"मी. जुना जळला."

"म्हणजे पोट तुमचं."

"मी खाल्लं नाही हो! मला भरवलं!"

"कबूल. पण मी नाही भरवलं."

मास्तरणीला हसू आलं, ते तिनं खोकल्यात घातलं. "बरं. वाढलं म्हणू. वाढीचे देईन. पण उसवलेल्याचा एक पैसा देणार नाही. त्या बाहीचे तर नाहीच नाही."

"कुठल्या बाहीचे?"

"ते दीड कमी."

"काय दीड कमी?"

मग मास्तरणीनं आवाज उतरवून, दाराकडे एकदा बघून, चौदा वर्षांची खुबी सांगितली. प्रोग्रामवाल्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"चौदा वर्षं तुम्ही माझ्या चुकीवर कात्री चालवताय, आणि मला सांगितलं नाही?"

"मला वाटलं तुमची काही पद्धत असेल."

"सांगायचं तरी! मला फोन यायचे ते बटणाच्या रंगाबद्दल!"

"तो आमच्या ताईंचा होता."

त्यानं फोन उचलला आणि दुसऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकाला विचारलं, बाहीचं काय करता. पलीकडचा शिंपी घुटमळला. "ते आमच्या घरचं आहे. सांगता येणार नाही."

"किती कापता?"

"दीड. पण कुणाला बोलू नका."

दुसऱ्यानं सांगितलं, दीड. तिसरा म्हणाला, आमच्या वडिलांनी शोधून काढलंय, दीड. प्रत्येकानं ते जिवापाड लपवून ठेवलं होतं, आणि शहरभर सगळ्यांच्या बाह्या सारख्याच छान बसत होत्या. प्रोग्रामवाल्यानं फोन ठेवला. "आणि मला सगळे म्हणायचे, तुमच्या प्रोग्रामच्या बाह्या काय सुरेख!"

तो तासभर पडद्यात डोकं घालून बसला. चूक सापडली. जाड कापडासाठी बाहीला थोडी सूट ठेवायची हे तो बापाकडून शिकला होता. ती सूट त्यानं एकदा बापाचं ऐकून घातली होती आणि एकदा स्वतःच्या हुशारीनं.

"ही उसवण माझी," तो म्हणाला. "हिचे पैसे नाहीत. तुमचे नाहीत आणि कुणाचेच नाहीत. आजच सगळ्यांना पाठवतो." मास्तरणीनं नव्या कॉम्प्युटरवर चढायचे, म्हणजे वाढीचे, पैसे तिथल्या तिथे दिले. मला पुन्हा डबीत घातलं. येताना ती शीळ घालत होती. बरं, शीळ नाही, गुणगुणत होती.

घरी आल्यावर तिनं नणंदेला बजावलं, "ताई, आता दीड कमी करायचं नाही. बाही दुरुस्त झालीय."

"हो हो. कळलं. एकदा सांगितलं की कळतं मला."

नवा कॉम्प्युटर सुरू झाला. प्रोग्रामनं हाक मारली, मी "आहे" म्हणालो, आणि कागद सरसर छापून यायला लागले. बँडच्या माणसांची पाच मापं पाडली होती. पहिल्या दोन मापांचे कागद नणंदेच्या मांडीवरून मास्तरणीकडे गेले, मास्तरणीनं थप्पीवर कात्री चालवली, आणि एकोणीस कोटांचं कापड कापून झालं.

आणि इथे, वाचकहो, मी माझ्या आयुष्यातलं एकमेव मोठं काम केलं.

तिसऱ्या मापाचे कागद सुटणार, तेवढ्यात मला पाठीमागच्या खाचेतून टेबलाखालची कचऱ्याची टोपली दिसली. टोपलीत चंद्राच्या कोरीसारख्या कागदाच्या पट्ट्या पडल्या होत्या. दीड सेंटिमीटर रुंदीच्या. प्रोग्रामनं विचारलं, "आहेस का रे?" आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा मी गप्प राहिलो. त्यानं पुन्हा विचारलं. मी दातखीळ बसल्यासारखा गप्प. प्रोग्राम थांबला, छपाई थांबली, सगळं जागच्या जागी.

"झालं! पडलं बंद!" नणंद करवादली. हाताला काम नाही म्हणून तिनं कापलेली एक बाही उचलून मुंढ्याला लावून पाहिली. बाही पुरेना. मुंढा उघडा राहिला, दीड सेंटिमीटर.

"वहिनी! तुझ्या त्या प्रोग्रामवाल्यानं वाट लावली बघ!"

मास्तरीण धावत आली. तिनं बाही पाहिली, मग टोपली पाहिली. टोपलीकडे नणंदेनंही पाहिलं.

"कात्रीला सवय लागलीय," नणंद म्हणाली. "कात्री ऐकत नाही."

उरलेले बावीस कोट वाचले, कारण त्यांचे कागद अजून छापलेच नव्हते. पण एकोणीस हातातून गेले होते. कापड बँडनं मोजून दिलेलं, रंग खास बनवून घेतलेला, वीतभर चिंधीही जास्तीची नाही. संचलनाला नऊ दिवस.

मास्तरणीनं कातरणांचा ढीग चिवडला. त्यात हाताएवढे तुकडे होते, बाही होणार नाही असे, पण काहीतरी होईल असे. तिनं एक तुकडा घेतला, चौकोनी घडी घातली, तिरका धरला, आणि बाहीच्या खाली, काखेत, कळी म्हणून जोडला. मुंढ्याची उघडी जागा भरली. नणंदेनं कोट अंगात चढवला आणि दोन्ही हात छताकडे केले. कोट जागच्या जागी राहिला. पोट झाकलेलं राहिलं.

संचलनाच्या दिवशी मी अर्थातच घरी होतो. मला रस्त्यावरचं सगळं नणंदेनं सांगितलं, म्हणजे तिनं मशीनवरच्या दोघींना सांगितलं आणि मी ऐकलं. तुताऱ्या वर गेल्या, झांजा वर गेल्या, बँडमास्तरांची काठी वर गेली. एकोणीस जणांचे कोट हलले नाहीत. बावीस जणांचे किंचित उचलले गेले. दुसऱ्या दिवशी ते बावीस जण दारात हजर. "आम्हालाही ती काखेतली वस्तू बसवून द्या. त्यांनाच का?"

दलाचे गणवेश आले. चारही मशीन जागेवर राहिली.

तिकडे प्रोग्रामवाल्याचा फोन मात्र थांबेना. त्यानं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की बाही दुरुस्त झाली आहे, कापू नका. पण चौदा वर्षं ज्या बोटांनी कोर कापली, ती बोटं पत्र वाचत नाहीत. शहरभर बाह्या तोकड्या पडल्या. लोक संतापले. "तुमच्या अपडेटनं बिघडवलं! जुनं परत द्या!" एक जण तर म्हणाला, "चूक परत घाला, लागतील ते पैसे देतो." सुधारणेचे पैसे मागितले तेव्हा हाच माणूस महिनाभर भांडला होता.

शेवटी मास्तरणीनंच त्या सगळ्यांना एकेक करून फोन केला. तिचं त्यांनी ऐकलं. "कात्री खाली ठेवा," तिनं सांगितलं. "आणि ज्यांच्या बाह्या गेल्या त्यांनी काखेत कळी घाला. या, शिकवते." आता तिच्याकडे लपवायला काही उरलं नव्हतं, आणि गंमत म्हणजे तिला हलकं वाटत होतं.

पुढच्या वर्षीच्या अपडेटात प्रोग्रामवाल्यानं कळी घातली. मापं टाका, कळी आपोआप आखून येते. तो स्वतः सांगायला आला. "ही तुमची कल्पना. तुम्हाला फुकट."

"मुळीच नाही," मास्तरीण म्हणाली. "ही उसवण आहे का? वाढवण आहे. नियम मीच केलाय. पैसे घ्या."

"अहो, पण कळी तुमची!"

"मग माझ्याकडून शिकलात त्याचे तुम्ही मला द्या. आणि मी तुम्हाला अपडेटचे देते."

"किती देऊ?"

"जितके मी देणार तितकेच."

दोघांनी एकमेकांना तेवढेच पैसे मोजून दिले, पावत्या केल्या, आणि चहा प्यायले. नणंद दारातून बघत होती. "दोघांना एकत्र एका पेटीत घालून ठेवा," ती म्हणाली, "म्हणजे जगाला त्रास नाही."

त्याच अपडेटात आणखी एक बदल होता, तो पत्रात तळाशी बारीक अक्षरात होता. प्रोग्राम आता इंटरनेटवरून स्वतःच विचारून घेतो, पैसे भरलेत का. डोंगलची गरज नाही. मी ज्या शब्दाची नोकरी चौदा-पंधरा वर्षं केली, तो शब्द आता कुणी विचारत नाही. मला राग आला नाही. म्हणजे आला, पण कुणावर काढणार? माझं काही उसवलं नव्हतं. जग वाढलं होतं.

हल्ली मी सुयांच्या डब्यात असतो. कधी कागद उडू नये म्हणून नणंद मला त्याच्या कोपऱ्यावर ठेवते. काम बरं आहे. बोलावं लागत नाही.

जाता जाता एवढीच विनंती. कुठली वस्तू विकत घेतलीत आणि तिच्यात खोट दिसली, तर ती खुबी म्हणून जपून ठेवू नका, ज्यानं बनवली त्याला सांगा. उसवलं असेल तर फुकट शिवून मागा, हक्कानं मागा. पण तुमचंच वाढलं असेल, तर शिवणाऱ्यालाही पोट आहे हे विसरू नका.

आणि आता शेवटचं. सुरुवातीला टोपीची शपथ घेतली होती, तेव्हा कबूल करायलाच हवं. मी गप्प राहिलो, प्रोग्राम थांबवला, कोट वाचवले, ते सगळं मी रचलं. मी पाठीमागच्या खाचेत असतो, मला टेबलाखालची कसली टोपली दिसणार? त्या दिवशीही मी दर दहा मिनिटांनी मूर्खासारखा "आहे, आहे" म्हणत होतो. कात्री ऐकत नाही, हेसुद्धा नणंद म्हणाली नाही.

खरं असं झालं. नणंदेनं पहिल्या कोटाला बाही लावायला घेतली, ती पुरली नाही. ती उठली, अर्धा कोट हातावर घेऊन पुढच्या खोलीत आली. प्रोग्रामवर ढकलायला तोंडात वाक्य तयार होतं. पण त्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं ते ती म्हणाली.

"वहिनी, माझं चुकलं. तू सांगितलं होतंस, तरी मी कागद कापले."

मला वाटलं, आता पुढची चौदा वर्षं मास्तरीण तिला हे वाक्य ऐकवणार. मास्तरणीनं छपाई थांबवली. बाही हातात घेऊन मुंढ्याला लावून पाहिली. मग पायानं दुसरी खुर्ची पुढे सरकवली.

"बसा ताई," ती म्हणाली. "काखेत कळी घालून बघू."